तळमजला आणि दुसरी पार्टी

८ फेब्रुवारी
एक जानेवारीपासून रोज लिहायचं ठरवलं होतं. आज फेब्रुवारीची आठ तारीख. उशिराबद्दल वहीनेच मला माफ करावं. कारणं आहेत. हे घर विकायचं चाललं होतं, ते परवा विकलं. तिसरा मजला, लिफ्ट नाही, असलं घर विकणं म्हणजे खायचं काम नाही. घेणाऱ्यांना मार्चअखेर ताबा द्यायचाय. तोवर आपल्याला तळमजल्यावर घर बघायचं.
माझं सोडा, मी अजून तीन मजले चढतो (मध्ये दोनदा टेकतो, ते मोजायचं नाही). पण हिचे गुडघे पार गेले. दिवाणखान्याच्या खिडकीत बसते आणि खालच्या भाजीवालीला दोरीने पिशवी सोडते. काल म्हणाली, मला एकदा रस्त्यावरून जाणाऱ्या माणसाशी मान न वाकवता बोलायचंय. मी म्हणालो, महिन्याभरात बोलशील. शब्द दिलाय.
निश्चय: एजंटच्या गोड बोलण्याला भुलायचं नाही.

१० फेब्रुवारी, दुपार
एजंट बघितला. सारखा हसतो. त्याचं नाव मी हसरा ठेवलंय. मला काका म्हणतो. नातं लावणाऱ्या माणसापासून मी चार हात लांब असतो.
घर चांगलं आहे. तळमजला, दाराशी एकच बुटकी पायरी, खिडकी रस्त्यावर, बाहेर बाक. पण हसऱ्याने आत शिरताच काय सांगावं? काका, मागच्या भिंतीला ओल आहे, आधीच सांगतो. पाण्याला सकाळी जोर नसतो. शेजाऱ्यांचा कुत्रा भुंकतो.
मी आयुष्यभर दुकानदारांचे तराजू दुरुस्त केले. त्यातले निम्मे दुरुस्त करायला नव्हे, बिघडवायला आणलेले असायचे. माणूस आपणहून तीन उणिवा दाखवतो तेव्हा चौथी किती मोठी असेल! हिला सांगितलं. ती म्हणाली, नसेल चौथी. शिकलेली असून भोळी राहिली.

१२ फेब्रुवारी
पुन्हा जाऊन स्वतः तपासणी केली. गवंड्याकडून ओळंबा मागून आणला होता. दोरी हातात धरून उभा राहिलो. भिंत चक्क हलत होती. हसरा म्हणाला, काका, हात टेकवा, हात हलतोय तुमचा. मी म्हणालो, माझ्या हाताचं मला सांगू नका.
मग म्हणतो, तुम्हाला शंका असेल तर घरमालकीणबाईंशी थेट बोला, मी मध्ये नको. आता कुठला एजंट असं म्हणतो? बाई सामील आहेत, दुसरं काय. बोललो नाही.

१४ फेब्रुवारी
हसऱ्याचा फोन. काका, घाई नाही, पण आठवड्याभरात टोकन दिलंत तर बाई दुसऱ्या कुणाला दाखवणार नाहीत. घाई नाही म्हणायचं आणि घाई करायची. वा!
ही म्हणते, देऊन टाका टोकन. मी म्हणालो, त्याने भावात किती घुसडलंय ते कळल्याशिवाय फुटकी कवडी देणार नाही. ती म्हणाली, कसं कळणार? मी फक्त हसलो. जेवताना आयडिया सुचली होती. अशी आयडिया शिकल्यासवरलेल्यांना सुचत नाही.

१५ फेब्रुवारी
आयडिया अशी. हिचा धाकटा भाऊ, म्हणजे माझा मेहुणा. ऑफिसच्या नाटकात दरवर्षी काम करायचा. गेल्या वर्षी रिटायर झाला, तेव्हापासून घरात टीव्हीशी बोलतो. तो हसऱ्याला फोन करणार, बाहेरगावची पार्टी म्हणून, आणि त्याच घराचा भाव विचारणार. त्याला कमी सांगितला की चोरी उघडी.
मेहुणा खूश. भावोजी, आवाज कुठला लावू, म्हणाला, खर्जातला की जरा घाबरट? मी म्हणालो, साधा लाव रे.
हिला सांगितलं नाही. बायकांच्या पोटात राहत नाही.

१६ फेब्रुवारी
मेहुण्याने फोन केला. हसऱ्याने त्यालाही तोच भाव सांगितला. एक पैसा कमी नाही, जास्त नाही. ओल आहे तेही सांगितलं.
थोडा वेळ गोंधळलो. मग लक्षात आलं. इतका पोचलेला आहे, की सगळ्यांना एकच सांगतो. म्हणजे पकडलाच जाणार नाही.

१८ फेब्रुवारी, सकाळ
आज मात्र सापडला! हसऱ्याचा फोन: काका, एक दुसरी पार्टी चौकशी करतेय. तुमचं आधी आहे असं मी त्यांना सांगितलंय. पण तुम्ही आता ठरवा.
दुसरी पार्टी! माझाच मेहुणा मला दाखवून मला घाबरवतो! फोन ठेवल्यावर एकटाच हसत बसलो. हिने विचारलं, काय झालं. म्हणालो, काही नाही, तराजूचं दुसरं पारडं रिकामं आहे हे मला ठाऊक आहे.
ती म्हणाली, मला कळेल असं बोला कधीतरी.
आता टोकनची घाई नाहीच. गिऱ्हाईक एकच आहे, आणि ते मी आहे. कंटाळून भाव उतरवतील.

१९ फेब्रुवारी
मेहुण्याला पुढचं सांगितलं. नुसता फोन पुरे नाही, घर बघून ये, उत्साह दाखव. हसऱ्याला वाटू दे मासा लागला. मेहुणा म्हणाला, एकटा गेलो तर खोटं दिसेल, बायकोला नेतो. खरं कुटुंब वाटायला हवं. याला म्हणतात कलावंत.

२१ फेब्रुवारी
गेले होते दोघं. संध्याकाळी सगळं सांगतो म्हणाला होता, सांगितलं नाही. मीच फोन केला. म्हणाला, ठीक आहे घर. एवढंच. एरवी भाजी आणायला गेला तरी तासभर वर्णन करतो.
भूमिकेत शिरलाय.

२३ फेब्रुवारी
पुन्हा गेले होते म्हणे. मी सांगितलं नव्हतं. पण अभिनयाला सराव लागतो.
मेहुण्याच्या बायकोचा हिला फोन. पडदे कुठे शिवून मिळतात ते विचारत होती. ही म्हणाली, भाड्याच्या घराला तिला आता नवे पडदे सुचले. मी म्हणालो, बायकांचं काय सांगावं. रागाने बघितलं माझ्याकडे.

२५ फेब्रुवारी, दुपार
हसरा स्वतः आला. तीन मजले चढून. दारात भिंतीला धरून उभा राहिला. हिने पाणी दिलं. काकू, तुम्ही हे रोज कसं करता, म्हणाला. ही म्हणाली, मी करतच नाही.
मग मला म्हणाला, काका, हे सांगायला मला कुणी पाठवलेलं नाही. ती पार्टी उद्या-परवा टोकन देणार. बाई मला विचारतायत, तुमच्या काकांचं काय. काकूंकडे बघून मला वाटलं, एकदा समोर बसून विचारावं.
मी पायावर पाय टाकून बसलो. म्हणालो, खुशाल देऊ द्या टोकन. तो म्हणाला, नक्की? मी म्हणालो, लिहून घ्या माझ्याकडून, ती पार्टी एक रुपया काढणार नाही. तो माझ्याकडे बघत राहिला. हसला नाही. मी त्याला ओळखल्याचं त्याला कळलं असणार.
तो गेल्यावर स्वयंपाकघरात भांडी जोरात वाजली. ही म्हणाली, खाली जाताना त्या माणसाचे पाय लटपटत होते, तुम्ही त्याला साधा चहा विचारला नाही. म्हणालो, सावजाला चहा पाजत नाहीत. ती म्हणाली, तुमच्या सावजाने माझ्याकडे नीट बघितलं, तुम्ही कधी बघितलंत?
उत्तर होतं माझ्याकडे. भाव उतरला की देईन.

२८ फेब्रुवारी
हसऱ्याचा फोन नाही. मेहुणा फोन उचलत नाही. शांतता चांगली. व्यवहारात जो आधी बोलतो तो हरतो.

२ मार्च
मेहुणा आला. हातात मिठाईचा पुडा, मागे बायको, आणि दोघंही चपला काढून दारातच उभी.
भावोजी, आधी रागावणार नाही म्हणा.
म्हटलं नाही. तरी त्याने सांगितलं. घर घेतलं. टोकन दिलं, पुढच्या आठवड्यात रजिस्ट्रेशन. म्हणाला, मी खरंच नाटकच करत होतो हो, पण माझी बायको स्वयंपाकघरात बसली ती उठेचना. तिथल्या खिडकीतून उजेड असा येतो की काय सांगू. भाड्याच्या घरात जन्म गेला आमचा. एजंटला विचारलं, आधीच्या पार्टीचं काय. तो म्हणाला, त्यांनी स्वतः सांगितलं, खुशाल देऊ द्या. मग मला वाटलं, तुम्हाला नकोच आहे घर.
म्हणे, मला नकोच आहे!
मी म्हणालो, अरे, ती पार्टी तू होतास. तो म्हणाला, हो, पण पार्टी तर होतो ना.
हिला सगळं तेव्हा कळलं. उठली, पुडा घेतला, चारी माणसांना बशा दिल्या. भावाला विचारलं, पायरी किती उंच आहे रे?

३ मार्च
हसऱ्याच्या ऑफिसात गेलो. टेबलावर हात आपटून म्हणालो, ती पार्टी माझा मेहुणा होता! तो खुर्चीतच मागे टेकला. म्हणाला, तुमचा मेहुणा? आणि तुम्ही मला लिहून घ्या म्हणालात? मी म्हणालो, तेच तर. तो म्हणाला, मग काका, खोटं बोललं कोण?
हा प्रश्न गैरलागू होता. म्हणून उत्तर न देता निघालो. दारापर्यंत सोडायला आला, तेही डोक्यात गेलं.
माझी आयडिया चुकली नव्हती. माणूस चुकला.

११ मार्च
आठवडाभर वणवण. तळमजला म्हणून दाखवलेल्या एका घराला खाली उतरून जावं लागतं, थेट तळघर. दुसऱ्याला खिडकीच नाही. भाव मात्र सगळ्यांचे गगनाला.
ही विचारत नाही काही. तेच सहन होत नाही. पूर्वी निदान भांडायची.

१४ मार्च
शेवटी प्रामाणिक माणूस भेटला! नवा एजंट. हसत नाही, काका म्हणत नाही, साहेब म्हणतो. घराला एकही दोष नाही म्हणाला. दहा वेळा विचारलं, ओल? नाही. पाणी? धो धो. कुत्रा? कुत्राच नाही त्या गल्लीत. आत जाता आलं नाही, चावी मालकाकडे आहे. पण बाहेरून बघितलं, तळमजला, मोठी खिडकी. आणखी एक पार्टी मागे लागलीय म्हणाला. या वेळी मी चूक करणार नव्हतो. तिथल्या तिथे टोकन दिलं.
घरी येऊन हिला म्हणालो, झालं काम. तिने माझ्याकडे असं बघितलं, की वाटलं सगळं भरून पावलं. मग तिने पाय चोळायला तेल मागितलं. चालायचा सराव करायला हवा, म्हणाली.

१९ मार्च
नव्या एजंटच्या ऑफिसला कुलूप. फोन बंद. शेजारचा केस कापणारा म्हणाला, तुम्ही आजचे चौथे.
त्या घरात जाऊन बेल वाजवली. कुटुंब राहतं. विकायचं नाही म्हणाले. पाणी मात्र दिलं प्यायला.
हिला काय सांगू?

२० मार्च
सांगितलं.

२६ मार्च
मेहुणा खुर्ची आणि दोन माणसं घेऊन आला. ताईला आमच्याकडे ठेवतो म्हणाला, तुमचं ठरेपर्यंत. भावोजी, तुम्हीही चला, दाटीवाटीने होईल, पण होईल. मी म्हणालो, ज्या घराला मी नाही म्हटलं त्यात राहायला जाणार नाही. स्वाभिमान आहे काही. ही खुर्चीत बसता बसता म्हणाली, तो खुंटीला राहिला असेल, तोही बांधून घ्या. आणि खाली गेली. माणसांनी खुर्ची फार जपून नेली. मी जिन्यात वाकून बघत होतो, तिने वर बघितलं नाही.

३० मार्च, संध्याकाळ
घर रिकामं. गाठोड्यावर बसून लिहितोय. उद्या घेणारे येणार. मला एका जुन्या मित्राच्या दुकानामागे दोन दिवस जागा मिळालीय. हिला सांगितलंय की हॉलच आहे तो.
हिचा फोन आला होता. बाहेर बाकावर बसली होती. रस्त्यावरून जाणाऱ्या एका बाईशी बोलली म्हणे, अर्धा तास. माझी विचारपूस केली, जेवलात का. मग म्हणाली, मला इथे बरं आहे हो, पण भावाच्या घरी किती दिवस. शब्द तुम्ही दिला होता, तो माझ्या भावाने पाळला, एवढंच मनात येतं. मी म्हणालो, सगळं हाताबाहेर गेलेलं नाही. ती म्हणाली, बरं.
आत्ताच हसऱ्याला मेसेज लिहिला. पाठवलाही. इथे उतरवून ठेवतो, पुढे हाताशी असलेला बरा:
नमस्कार. तुम्ही मला काका म्हणायचात, म्हणून लिहितो. दोन माणसांपुरतं घर हवंय, तळमजल्यावर. ओल, कुत्रा, काहीही चालेल. भाव सांगाल तो मी खरा धरीन. कुणालाही फोन करायला लावणार नाही. आमची ही तुमची आठवण काढते. काही असेल तर आणि नसेल तरी, कृपा करून लवकर कळवा.