वाळूसकट शिवल्या

९ जाने., शुक्र.
आज पुन्हा निळे धागे. मोरपंखी, लांब, केसासारखे. गाळणकागद सूक्ष्मदर्शकाखाली सरकवला आणि लगेच दिसले, शोधावेही लागले नाहीत. घोडबंदर रोडच्या मागच्या खाडीतल्या शिवल्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, तिसरी खेप, तिन्हींत तेच. मांस क्षारात विरघळून जातं आणि जे तिथे असायलाच नको ते तेवढं उरतं. सूक्ष्म प्लास्टिक. (यापुढे सू.प्ला., हात दुखतो.)

नुसत्या पाण्याचा कोरा नमुना स्वच्छ आहे, म्हणजे माझ्या ओढणीचा किंवा लॅबमधल्या धुळीचा दोष नाही. खाडीच्या पाण्यात निळे जवळजवळ नाहीत, पण शिवल्या पाणी गाळत बसतात, साठवत असतील. सर खूश. "अहवालाच्या पहिल्या पानावर हेच घ्यायचं." मी मान डोलावली.

शिवल्या खाडीकाठची ताराकाकी देते, हे सरांना माहीत आहे. पण त्यांनी तिच्या घरचा चहा प्यायलेला नाही.

११ जाने., रवि.
तोंड उघडून बसले. ताराकाकीच्या सोसायटीच्या गेटवर तिचा प्रमोद भेटला, गाडी पुसत होता. "काय मॅडम, आईच्या शिवल्यांत काय सापडलं?" मी सांगून टाकलं. माझ्या जिभेला हाड नाही हे आई लहानपणापासून सांगत आलीय.

प्रमोदचा चेहरा उजळला. खरंच उजळला! "मॅडम, रिपोर्टची एक कॉपी मला द्या. आईला दाखवतो, मग खाडी बंद. मागच्या पावसाळ्यात चिखलात अडकलेली, पोरांनी ओढून काढली. माझं ऐकत नाय ती, तुमचं ऐकेल."

त्याचं चुकतंय असंही नाही, म्हणून जास्त राग आला. काकी सत्तरीची आहे. सासऱ्यांची मिठागरं होती तिथे आता टॉवर, त्यातच राहते, लिफ्टने खाली येते आणि ओहोटी लागली की साडी खोचून चिखलात. पैशांची तिला गरज नाही. खाडीची आहे.

आणि खाडी बंद होणार माझ्या पानामुळे.

१२ जाने.
काकीचा फोन. "परमोद काय बोलतो गो? मना घरान बसवून काय करशील? टीवी बघू?" आवाज हसरा होता, पण नेहमीसारखा नाही. मी म्हटलं, अजून तपासते आहे. ती म्हणाली, "तपास. पन लवकर तपास."

१४ जाने., संक्रांत
लॅबला सुट्टी. प्रमोदचा ड्रायव्हर इकडे डोंबिवलीला काही कामाने आला होता, त्याच्या हाती काकीने तिळगूळ पाठवला, आणि चौथी खेप. आता ती घरी ठेवणं आलं. आई: "संक्रांतीच्या दिवशी शिंपल्या? माझ्या फ्रिजमध्ये नाही जायच्या." शेवटी थर्माकोलचा डबा, बर्फ, गॅलरी. आयुष्यभर वरणभात खाल्लेली बाई दर थोड्या वेळाने पडदा सारून डब्याकडे बघत होती.

बर्फ बदलताना माझ्या मागे येऊन उभी राहिली. "मला वाटलं खाडीतलं म्हणजे चिखल असेल. ह्या तर धुऊन पुसून ठेवल्यासारख्या आहेत गं."

तेव्हा हसले. आता लिहिताना हसू येत नाही.

१५ जाने.
एक शिवली उघडली. वाळूचा कण नाही. दुसरी, तिसरी, तेच. खाडीच्या चिखलातनं निघालेला जीव, आणि पोटात वाळू नाही? याआधी तीन खेपा उघडल्या तेव्हा मला हे का नाही खटकलं? भांड्यात वाळू नसली की बरंच वाटतं, का नाही ते कोण विचारतं. काखेत कळसा आणि...

सरांना अजून काही बोलले नाही. अमावास्येच्या ओहोटीला स्वतः जायचं.

१८ जाने., रवि., अमावास्या
सगळं क्रमाने लिहिते, नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

टॉवरच्या मागे काकीने जुन्या घराची पडवी तेवढी ठेवली आहे. तिथे सिमेंटची टाकी, भरतीचं खारं पाणी भरून ठेवलेलं. पाण्यात एक पिशवी लोंबकळत होती. जाळ्याची. मोरपंखी निळी. मी हात लावला, तळहाताला धागे चिकटून आले. तेच. भिंगाची गरजच नव्हती.

काकी, हे काय?

"तुज्याच शिवल्या. रात्रभर पान्यान ठेवल्या की थुकतान सगली वालू."

मी म्हटलं, काकी, मी पहिल्या दिवशी सांगितलं होतं ना, चिखलातनं निघतील तशाच द्या?

"अगो, ते तू लाजून बोललीस, मना कलला नाय का? पाव्हन्याला वालू देतान का कोन? लोक काय बोलतील, डाक्टरनीला वालू चारली!"

आणि विकायच्या? "त्या टोपलीन. तशाच. गिऱ्हाईक घरी नेऊन ठेवतील पान्यान." ही पिशवी फक्त पाहुण्यांची आणि माझी.

म्हणजे मी दोन महिने खाडी तपासतच नव्हते, काकीचा पाहुणचार तपासत होते. पडवीच्या पायरीवर बसले आणि इतकी हसले की डोळ्यांतून पाणी आलं. काकीला वाटलं मी रडते, पाणी आणायला धावली. खरं तर दोन्ही होतं.

मग सांगावं लागलं की ही पिशवी झिजते आहे. तिने पिशवी टाकीतनं काढून पिळली. "यांच्या जाल्याची हाय. ते गेले तवा बाकी जालं परमोदनी इकला. मी एवरा तुकरा कापून ठेवला." मला वाटलं आता मी हेही काढून घेते आहे तिच्याकडून. पण तिने ती खिळ्याला वाळत घातली आणि म्हणाली, "चल, ओहोटी थांबंल का आपल्यासाठी?"

संध्याकाळी तिच्यामागे चिखलात. मी दोनदा घसरून बसले, ती एकदाही नाही. शिवल्या माझ्या हाताने काढून सरळ काचेच्या बरणीत, चिखलासकट. काकीला बघवेना. तिने तोंड फिरवलं.

१९ जाने.
सरांना सांगितलं. आधी चेहरा पडला. "म्हणजे पहिलं पान गेलं." मग चष्मा काढून पुसत बसले. "छापून गेलं असतं तर? बरं झालं बाई, बरं झालं." सर मला बाई म्हणाले म्हणजे खरंच घाबरले होते. जुन्या चारही खेपा बाद. नवी आज क्षारात घातली. वाळूमुळे काम तिप्पट, गाळणी तुंबते, मान दुखते. तक्रार नाही.

२४ जाने., शनि.
निळे नाहीत!

एकही नाही. सगळे कागद बघितले, मग परत पहिल्यापासून बघितले, मग सरांना बसवलं. नाहीत. काही पारदर्शक तुकडे आहेत, एखाददुसरा काळा धागा, खाडीच्या पाण्यात असतात तसेच, तेवढेच. शून्य नाही. शून्य आलं असतं तर मीच विश्वास ठेवला नसता.

सुटले. घरी येताना आईसाठी जिलबी घेतली. आई: "कसली गं?" म्हटलं, शिवल्या पास झाल्या. "म्हणजे आता गॅलरी मोकळी?"

२६ जाने.
प्रमोदला भेटले. पुन्हा बोलायचं होतं, पण या वेळी ठरवून.

"म्हणजे आई जाऊ शकते?"

म्हटलं, प्लास्टिकचं नाव करून अडवू नका, ते खरं नाही. चिखलाची भीती खरी आहे, ती तुमची तुम्ही सांगा त्यांना.

"ते तर ती ऐकतच नाय ना, मॅडम. म्हणून तर..." गाडीच्या काचेवरचा एक डाग घासत राहिला. मग म्हणाला, "तुम्ही तिच्यासोबत गेलात ना अमावास्येला? पुनवेलाही जा. तेवढं चालू ठेवा." मी हो म्हटलं. या वेळी मान डोलावून नाही, तोंडाने.

१ फेब्रु., रवि., पौर्णिमा
काकी आता दोन वाटण्या करते. चिखलाची बरणी माझ्या हाती देताना पदराखाली झाकून देते, शेजारणीने बघितलं तर काय म्हणेल. दुसरी नव्या स्टीलच्या पातेल्यात ठेवलेली, वाळू काढून, वर केळीचं पान. "ही मशीनला नको दावू. खा." माझ्या घरी कोणी खात नाही हे तिला पक्कं ठाऊक आहे.

सरांचा दुपारी फोन. शेवटच्या पानावर "खाण्यास योग्य" असं लिहायचं का? म्हटलं, थोडं प्लास्टिक आहे त्याचं काय होतं पोटात, ते कुणाला नीट माहीत आहे? मलाही नाही. ते वाक्य रिकामंच ठेवलंय.

आईने माळ्यावरची जुनी कढई काढून दिली, कांदाही चिरून दिला. "आत नाही हं, गॅलरीत कर." विजेची शेगडी, वायर दाराच्या फटीतून. शिवल्या एकेक करून उघडल्या. एक ताटलीत घेतली. वाळू नाही.

सवयीने भिंग घ्यायला आत गेले, हातात घेतलं, परत जागेवर ठेवलं.

आई पडद्यामागून विचारते आहे, "कशी लागते गं?"

थांब, आई. अजून तोंडात घातली नाही.