टोळाला दोनच सीटा

प्रिय निकिता,

प्रिय लिहायची रीत हाय म्हणून लिहिलं. परवा फोनवर तू जे बोललीस त्यानंतर मनानं लिहायला गेले असते तर दुसराच शब्द आला असता. आणि हो, फोन मीच ठेवला. रेंज गेली नव्हती. पत्र लिहिते कारण फोन वाजला की तुझे अण्णा शेजारी येऊन बसतात, स्पीकर लाव म्हणतात, आणि हे त्यांच्या कानावर जायला नको. माझी शाळा सातवीपर्यंत, त्यानंतर गिरणीतल्या पोत्यांवर नावं टाकण्यापुरतंच लिहिलं. चुका काढत बसू नको. वाच, आणि शेवटपर्यंत वाच. अर्धं ऐकून उत्तर द्यायची तुझी जुनी सवय हाय.

तुझा तो रोहित येऊन गेला. जुन्या गाड्यांचा डॉक्टर म्हणे. पांढरे बूट घालून ऐन चिखलात उतरला आणि फाटकापासून शेडपर्यंत बगळ्यासारखा चालला. चहा नको, पाणी स्वतःचं आणलेलं. जळलेल्या गाडीभोवती फिरून फिरून फोटो काढले आणि मला म्हणतो, काकू, टेन्शन घेऊ नका, पेशंट वाचेल. मी म्हणलं, बाबा, कापडाचा टप गेला, सीटांच्या नुसत्या स्प्रिंगा राहिल्यात, मागचा पत्रा पापडासारखा मुरडलाय, तुझा पेशंट वाचून करणार काय. तर म्हणे इंजिन पुढं हाय, त्याला धग लागली नाय, खालचा सांगाडा सरळ हाय, तुमच्या तिकडं गंगापूर रोडला नेतो आणि वर्षभरात अगदी नवी करून देतो. सगळं नवंच करायचं तर जुन्याचं एवढं कौतुक कशाला, हे मला आजवर कुणी सांगितलेलं नाय. मालक कुठायत, विचारलं त्यानं. मालक आत टीव्ही मोठा करून बसले होते. बाहेर आले नायत.

आणि त्याच्या फोटोत गाडीखाली शेगडी दिसली. झालं, तू फोन फिरवलास. आई, तू तर वायरिंग जळालं म्हणलीस, मग ही शेगडी तिथं कुणी ठेवली. आई, तुला ती गाडी कधीच नको होती. भंगारवाल्यालापण बोलावलंस म्हणे, एवढी कसली घाई. थांब, रविवारी अण्णांनाच विचारते. हे सगळं एका दमात. मागं रुद्र रडत होता, त्याला आधी उचलावं हेही तुला सुचलं नाय. जळाली ती गाडी, पोरगं नाय, हे मी सांगायच्या आधी तू पुढच्या वाक्याला गेली होतीस.

मला गाडी नको होती हे खरं हाय. खोटं कशाला बोलू. इगतपुरीच्या त्या म्हाताऱ्या पारशानं बंगला विकला तेव्हा ही गाडी कुणी फुकट नेत नव्हतं. तुझ्या बापानं आणली, आणि मी माहेरी गेलेली बघून आणली. परत आले तर दारात हिरवी, बसकी, लांब नाकाची चीज, आणि तू आत बसून हॉर्न बडवतेस. विलायती रेसची गाडी हाय, अण्णा म्हणले. गावातल्या पोरांनी त्याच दिवशी तिचं नाव टोळ पाडलं. रेस कसली, आपल्या इकडच्या पावसात अर्धं वर्ष टोळ ठोकळ्यांवर बसायचा आणि उरलेलं अर्धं वर्ष अण्णा त्याच्याखाली. गिरणीचा पट्टा तुटला तरी बोलवायला मी जायचे, आणि खालनं नुसते पाय उत्तर द्यायचे. तू बॅटरी धरून शेजारी. जेवायला हाक मारली की तुम्ही दोघं एकमेकांकडं बघायचात, मी कुणीतरी वसुलीला आल्यासारखी.

पण मला डाचलं ते वेगळंच. त्या गाडीला सीटा दोन आणि घरात माणसं तीन. हे घेताना कुणाच्या डोक्यात आलं नाय. सिन्नरच्या लग्नाला तुम्ही दोघं डोक्याला रुमाल बांधून टोळातनं निघालात आणि मी आहेराची पिशवी घेऊन एसटीनं. वाटेत तुम्ही माझ्या गाडीला मागं टाकलंत. तू सीटवर उभी राहून हात केलास, मीपण खिडकीतनं केला. शेजारची बाई म्हणली, ओळखीचे का. मी म्हणलं, हो, आमच्याच गावचे. तुला आठवत नसणार. तुला टोळाचा वेग आठवत असेल. मी त्या गाडीत एकदाही बसले नाय. उन्हाळ्यात बॉनेटवर कुरडया वाळत घालायचे तेवढाच माझा आणि तिचा संबंध, आणि त्यावरूनही अण्णा दोन दिवस बोलले नव्हते, रंगाला मीठ लागतं म्हणून. तेव्हा मला ती जाळायची असती तर तेव्हाच जाळली असती, अंगात जोर होता. आता ह्या वयात मी पावसापाण्याची शेडमध्ये जाऊन काडी लावीन, एवढी रिकामी मी नाय. गिरणी कोण चालवतं, ते जरा आठव.

भंगारवाल्याचंही ऐक. बंटीला मी बोलावलं नाय. तुझ्या अण्णांनी बोलावलं. तुझा रोहित गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बंटी टेम्पो घेऊन दारात, म्हणे काकांनी सांगितलंय, आजच उचल, पैसे काय नकोत, तोडायची तिथं तोड. मी आत जाऊन विचारलं, हे काय. टीव्हीवरची नजर न काढता म्हणले, जागा अडतीय. जागा. ज्या माणसानं टोळासाठी माझ्या भाताच्या कणग्या पावसात बाहेर काढल्या होत्या त्याला आता जागा अडतीय. बंटीला मी परत पाठवला. टेम्पो अडकला होता तो ढकलूनपण दिला. म्हणजे बघ, तू गाडी वाचवायची म्हणतेस आणि वाचवली मी. गंगापूर रोडवर बसून फोटो बघणं सोपं हाय.

आता शेगडीचं. ती शेगडी तू ओळखली नाय, कारण तू ती कधी बघितलीच नाय. तुझ्यासाठी आणली होती. पहिलं बाळंतपण माहेरी होतं एवढं आम्हाला माहीत. सातवा लागला तसं मी बयाबाईला मालिशीला सांगून ठेवलं, ओवा-शेपा निवडून डबे भरले. अण्णा घोटीच्या बाजारातनं लोखंडी शेगडी घेऊन आले, चांगली रुंद, बाजेखाली सरकेल अशी बुटकी. आणि तू फोनवर म्हणलीस, आई, तिकडं नको, तिकडं लय ओल असते, बाळाला सोसणार नाय. डॉक्टर जवळ पाहिजे म्हणली असतीस तर चाललं असतं. सासूबाई नको म्हणतात, असं सांगितलं असतंस तर मी चार शिव्या घालून गप्प बसले असते. पण तू ओल म्हणलीस, आणि स्पीकर चालू होता.

दुसऱ्या दिवसापासनं तुझ्या बापानं ओलीशी भांडण धरलं. मागच्या खोलीचा गिलावा काढला, नवा केला, चुना मारला. कौलं परतली. रिकामी बाज मांडली आणि तिच्याखाली शेगडी पेटवायला लागले, आत गिरणीतल्या तुसाचा विस्तव. तूस जळत नाय, आतल्या आत धुमसत राहतं, तसं ते रोज संध्याकाळी. मी म्हणलं, बाळंतीण कुठाय. म्हणले, येईल, भिंत सुकली की फोटो पाठवू. हाताचा पंजा भिंतीवर टेकवून बघायचे, माझाही टेकवायला लावायचे. भिंत खरंच सुकली. फोटो काढला पण पाठवला नाय, कारण तोवर जावईबापूंचा, अमोलरावांचा फोन आला की मुलगा झाला, तिकडंच, सगळं छान.

मग बारसं. हॉल होता, एसी होता, कोरडा होता, ते मान्य. आम्ही आजी-आजोबा दुसऱ्या रांगेत खुर्चीवर. पाळण्याची दोरी तुझ्या सासूच्या हातात. अण्णांनी एकदा रुद्रला घेतलं आणि लगेच कुणीतरी फोटोसाठी मागून घेतलं. निघताना सगळ्या पाहुण्यांना तुळशीचं रोप दिलं, तसं आम्हालाही दिलं. परतीच्या एसटीत ते रोप घोटीपर्यंत त्यांच्या मांडीवर. घरी आले, कपडे न बदलता मागच्या खोलीत गेले, बाजेखालची शेगडी काढली आणि शेडकडं निघाले. टोळ ठोकळ्यांवर चढवलेलाच होता. सीटांच्या बरोबर खाली शेगडी सरकवली. मी दारात उभी राहून म्हणलं, अहो, ती गाडी हाय, बाळंतीण नाय. हसले असते तर बरं झालं असतं. म्हणले, हिला तरी ओल लागायला नको.

मग रोज तेच. एक दिवस दुपारी मी गिरणीत होते. बाहेर पाऊस असा की समोरचं दिसत नव्हतं, आणि शेडच्या पत्र्याखालनं काळा धूर. मी आणि हमाल पोचलो तोवर टप पेटला होता. अण्णा पुढं येऊन बंपरला धरून गाडी ओढत होते. ठोकळ्यांवरची गाडी कुठं हलणार. सोडा म्हणलं तर सोडीनात. दोघांनी धरून बाजूला केले. टाकी त्यांनी आधीच रिकामी करून ठेवलेली होती म्हणून घर राहिलं, माणूस राहिला. दोन्ही तळहात भाजले. तुला मी सांगितलं पट्ट्यात बोट सापडलं. ते खोटं. वायरिंगही खोटं, पण ते माझं नाय, त्यांचं. मी कोरफड लावत होते तेव्हा ते पहिलं वाक्य बोलले ते हे, निकीला वायरिंग म्हण. आता तळहाताची कातडी नवी आलीय, डॉक्टर म्हणतात पकड येईल. पण हा माणूस वापरत नाय. चहाचा कपसुद्धा दोन मनगटांत धरून पितो आणि शेडच्या बाजूची खिडकी लावून घेतो. तू माझ्यावर ओरडत होतीस ना परवा, तेव्हा शेजारीच बसले होते. सगळं ऐकलं. मान खाली घालून बसले, शेगडी मी ठेवली असं काय म्हणले नायत. आणि मीपण त्यांचं नाव घेतलं नाय. मला राग तुझा आला, त्यांचा नाय, हे मलाच नवल.

म्हणून लिहिते. रविवारी फोन करून शेगडीचं विचारू नको. विचारलंस तर ते खरं सांगतील, आणि खरं सांगताना तुझा तो ओलीचा शब्द येईल, आणि मग तुम्हा दोघांना एकमेकांकडं बघायला जागा राहणार नाय. गाडी वाचवायची का नाय ते मला कळत नाय आणि कळून घ्यायचंही नाय. पण ती गंगापूर रोडला जायची नाय. टोळ इथंच राहील, ठोकळ्यांवर. तुझ्या रोहितला रबरी बूट घेऊन दे आणि इकडं पाठव, आणि त्याच्याबरोबर तू ये, रुद्रला घेऊन. तू बॅटरी धरून शेडमध्ये उभी राहिलीस तर पाना कुठंय म्हणून अण्णा विचारतील, दुसऱ्या कुणासाठी विचारणार नायत. मागची खोली कोरडी हाय, रोज पंजा टेकवून बघते. आलीस की शेगडीचं नाव न काढता त्यांच्या देखत म्हण, आई, वायरिंग बघायला नको होतं का वेळेवर, आणि काय ओरडायचं राहिलं असेल ते पण तेव्हाच ओरड, मोठ्यानं. मी त्या दिवशी फोन ठेवला तशी निघून जाणार नाय. रुद्रला मांडीवर घेऊन ऐकत बसेन.

आवडो न आवडो, तुझीच,
आई