रोझलीचं घर विकताना

३ मे
शाळेतल्या बाईंच्या नोकरीतून निवृत्त झाले, आणि आजपासून मी घरविक्रीची एजंट! आमच्या टेक्सासमध्ये एखादा जुना दलाल पाठीशी उभा असल्याशिवाय नव्या एजंटचा परवाना म्हणजे रद्दी. म्हणून कचेऱ्या पालथ्या घातल्या. काचेच्या इमारतीतल्या एका मिसरूड न फुटलेल्या साहेबाने विचारलं, ‘‘मॅडम, जिना चढवेल ना?’’ म्हटलं, ‘‘जिना चढेन हो, पण तुमचा माज उतरवायला मला वेळ नाही.’’ व्हर्नन टॅकेट या जुन्या दलालांनी मात्र वय विचारलं नाही. ‘या, मिस विनिफ्रेड’ म्हणून गार गोड चहा दिला, आणि पहिलंच घर दिलं ते रोझलीचं. माझी धाकटी बहीण मार्चमध्ये गेली. तिचं घर कुणा परक्याने ‘प्रशस्त, हवेशीर’ असं ओरडत विकावं, हे मला सोसणार नव्हतं. परवाना काढला तो त्यासाठीच.

९ मे
व्हर्नननी अंगणात ‘विकणे आहे’ची पाटी रोवली आणि तिच्या बुडाशी संत जोसेफची वीतभर मूर्ती पुरली. डोकं खाली, पाय वर! इथे निम्मे दलाल असं करतात. घर लवकर जातं म्हणे. मी ननांच्या हाताखाली वाढलेली. येशूला वाढवणाऱ्याला मुळ्यासारखं मातीत खुपसता? व्हर्नन हळूच म्हणाले, ‘‘मिस विनिफ्रेड, तो गिऱ्हाईक आणत नाही. जे जायचं राहिलंय, त्याला वाट देतो.’’ असली भाकडकथा मी वर्गात कुणाला सांगू दिली नसती. ते गेल्यावर मूर्ती उकरली, धुतली, स्वयंपाकघराच्या खिडकीत सरळ उभी केली.

१४ मे
भरदुपारी घर दाखवायला उघडलं. एक तरुण जोडपं आलं, बाई पोटुशी. मागचा पडवीचा भाग त्यांना फार आवडला. ते गेल्यावर पाहिलं, तर रोझलीच्या खुर्चीतली उशी उबदार. न्हाणीघरात तिच्या पावडरचा वास. भीती नाही वाटली. ओट्याशी बसून पोटभर रडले. किती दिवसांनी घरात कुणीतरी होतं.

१७ मे
आज तिने माझे केस विंचरले. मी मागे वळले नाही. फणी ओली होती.
व्हर्नननी खिडकीतला संत पाहिला आणि पांढरेफटक पडले. जोडपं उद्या सही करायला येतंय. म्हणाले, आजच पुरा, नाहीतर मी तुमच्या पाठीशी नाही.
पुरला तर ती जाईल. नाही पुरला तर परवाना जाईल, घर परक्या दलालाच्या हाती—
नाही पुरला.

१८ मे
सकाळ. ते जोडपं पायरीवर उभं आहे. व्हर्नन दार ठोकतायत.
रोझली दाराशी. तिला बाहेर जायचंय. मला वाटलं होतं, तीच मला धरून आहे—
हे उजव्या हाताने लिहिते आहे. डाव्या हातात तिचं मनगट. कधी धरलं, आठवत नाही. गार. बारीक होत चाललंय.
‘‘विनी, सोड ना गं.’’
सोडायचंच आहे. बोटं उघडत नाहीत. ती रडतेय— लहानपणी रडायची तशी—
व्हर्नन, दार फोडलंत तर माझ्याकडे पाहू नका, आधी तिला माझ्या हातातून