हिरवट बटाटे

३ मार्च, रविवार

परसातले बटाटे काढले एकदाचे! पाला वाळून गेला होता, आणखी थांबण्यात अर्थ नव्हता. ह्यांच्या हातात कुदळ, मी मागून वेचत होते. तीन टोपल्या भरल्या. पण त्यातली एक नुसती चिरलेल्यांची, भोसकलेल्यांची. दरवर्षी एखाददुसऱ्याला कुदळ लागते, तेवढं चालायचंच. आज काय झालं?

म्हटलं, "अहो, जरा बघून!" तर म्हणे, "माती घट्ट झालीय."

माती भुसभुशीत होती.

४ मार्च

घाव लागलेले टिकत नाहीत, आधी तेच संपवायचे. काल बटाटा, आज बटाटा, उद्याही बटाटा. सासूबाई म्हणाल्या, "आता आपल्यालाच कोंब फुटायचे!"

६ मार्च

व्हरांड्यात सावलीला पसरलेत, साल घट्ट व्हायला. हे कामावरून आले आणि सरळ त्यांच्यावरून चालत गेले! दोन चेंगरले. वर माझ्यावरच आवाज — "वाटेत कशाला पसरलेस?"

रविवारपासून तिथेच आहेत ते.

हे शाळेची बस चालवतात.

९ मार्च, शनिवार

तिघं निवडायला बसलो. सडके फेकायचे, हिरवट बाजूला, चांगले जिन्याखालच्या अंधाऱ्या खोलीत गोणपाटावर. कांदे आधी तिथून हलवले. सासूबाई म्हणाल्या, "कांदा-बटाटा शेजारी नको, एकमेकांना नासवतात." मी म्हटलं, "आपण दोघी राहतोच की एका घरात!" खूप हसल्या. हे हसले नाहीत.

मग ह्यांची टोपली पाहिली. चांगल्यांत हिरवट मिसळलेले, तेही चांगले सात-आठ! मला दारातून दिसत होते. हिरवा बटाटा पोटात गेला की उलट्या होतात, हे लग्न होऊन आले तेव्हा ह्यांनीच मला सांगितलं होतं.

मुद्दाम त्यातला एक हातात दिला. "हा कसा आहे हो?"

अंगठ्याने चाचपला. "झकास. टणक आहे."

हे अंघोळीला गेल्यावर सगळी टोपली पुन्हा निवडली. सासूबाई बघत होत्या.

१० मार्च

विचारलंच शेवटी. "तुम्हाला नीट दिसत नाही ना?"

"दिसतं."

"डॉक्टरांकडे जाऊन येऊ."

"काही नडलेलं नाही."

"अहो, बसमध्ये लोकांची पोरं असतात!"

मग म्हणाले, "रस्ता पाठ आहे मला. डोळे मिटूनसुद्धा जाईन."

जेवण गेलं नाही.

११ मार्च

युनिफॉर्म घातला, डबा घेतला, निघाले. फाटकाची कडी किती वेळ चाचपडत होते! मी खिडकीतून बघत उभी. हाक मारावी, अडवावं — तोवर कडी निघाली, हे गेले.

दिवसभर कुठे हॉर्न वाजला की फाटकापर्यंत धावत होते. त्यात जिन्याखालून कुबट वास यायला लागला. सगळा ढीग उपसला. तळाशी एक पार पाणी झालेला, भोवतालचे ओले. पुसून पुसून वाळत घातले. निदान हाताला काम!

शाळेत कळवावं का? कळवलं तर ह्यांची नोकरी जाणार, आणि सांगणारी घरचीच बायको! जन्मभर तोंड कसं दाखवू? आणि नाही कळवलं तर — नको. लिहवतही नाही.

उद्या फोन करते.

१२ मार्च

केला. ऑफिसातल्या बाई म्हणाल्या, "अहो, त्यांनी गेल्या महिन्यातच बसची चावी आणून दिली. नीट दिसत नाही म्हणाले, स्वतःहून. तुम्हाला बोलले नाहीत?"

आजही युनिफॉर्म घालून, डबा घेऊन गेलेत. कुठे बसून खात असतील?