हँडिकॅप शून्य

२४ नोव्हेंबर, सोमवार
नवी वही. कुणी वाचायची नाही, तरी शिस्त म्हणून ओळख लिहून ठेवतो. नागेश मुणगेकर, वय ४६, मुक्काम अल नहदा, शारजा. नोकरी दुबईत देऱ्याला, यूनुसभाईंच्या ट्रॅव्हल एजन्सीत, व्हिसा टायपिंगच्या टेबलावर. बारा वर्षं.

आज मीटिंग. फिनलंडच्या एका टूर कंपनीला रिपोर्ट हवाय. त्यांच्याकडे जानेवारीत उणे वीस, आणि लोकांना उन्हात गोल्फ खेळायचंय. इथले कोणते गोल्फ कोर्स हिवाळी सहलीला चांगले, हे कुणीतरी फिरून, मार्क देऊन सांगायचं. रिपोर्ट पटला तर दर आठवड्याला त्यांचा एक ग्रुप आपल्याकडे. यूनुसभाईंनी विचारलं, गोल्फ कुणाला कळतं. हिबा म्हणाली, मला नाही. (हिबा सव्वीस वर्षांची, आमचं इन्स्टाग्राम बघते. आत्मविश्वास कमी.) मी म्हटलं, मला बऱ्यापैकी.

खोटं नाही. बारा वर्षं रोज बसच्या खिडकीतून एक अख्खा गोल्फ कोर्स बघतोय. जाताना आणि येताना, म्हणजे दोन्ही बाजूंनी.

यूनुसभाई असंही म्हणाले की लोक आता व्हिसा ॲपवरच काढतात, तेव्हा नवीन वर्षात टायपिंगच्या टेबलाचं काहीतरी बघावं लागेल. बोलताना माझ्याकडे का बघत होते, कळलं नाही. बहुधा माझ्या मागच्या घड्याळाकडे.

२५ नोव्हेंबर
संकल्प: रोज पहाटे पाचला उठून स्विंगची प्रॅक्टिस.

सकाळी ७.४०
उठलो. उद्यापासून पाच.

रात्री जेवणानंतर प्रॅक्टिस. क्लब नाही, म्हणून बाथरूमचा वायपर. बॉल नाही, म्हणून लिंबू. पहिला फटका उत्तम, लिंबू थेट फ्रीजखाली. प्रज्ञाला ते सकाळच्या पोह्यांना हवं होतं. तिला म्हटलं, मोठ्या कामात लहान नुकसान होतंच. तिने वायपर काढून घेतला. खालच्या मजल्यावरच्या बदरुन्निसाचाची वर येऊन विचारून गेल्या, फरशी बदलताय का.

संजनाला (वय तेरा) विचारलं, बाबांचा स्विंग कसा वाटला. ती म्हणाली, "बाबा, प्लीज डोन्ट डू इट इन पब्लिक."

२९ नोव्हेंबर, शनिवार
पहिला कोर्स तपासला. मार्कांचा तक्ता मीच तयार केला: पार्किंग, टॉयलेट, सावली, चहा, स्टाफची वागणूक, गवताचा रंग. आत फॉर्म भरायला दिला. त्यात एक रकाना, हँडिकॅप. देवाच्या दयेने मला काही नाही, थोडं बीपी सोडलं तर. मोठ्या अक्षरात शून्य लिहिलं.

काउंटरवरची मुलगी उभी राहिली. आतून मॅनेजर आला, त्याने दोन्ही हातांनी हात मिळवला. फुकट ज्यूस दिला. माझ्यासारख्या माणसाबरोबर दोन होल खेळणं हे भाग्य समजेन म्हणाला. मी गुडघ्याचं कारण सांगितलं. त्याने मला बग्गीतून सगळ्या कोर्सवर फिरवून आणलं.

स्टाफची वागणूक: दहापैकी दहा. होल अठरा, सगळे उघडे. निष्कर्ष: गोल्फवाल्यांना माणसाची पारख असते.

१ डिसेंबर
त्या मॅनेजरने यूनुसभाईंना फोन केला. तुमच्याकडे असा प्लेअर आहे हे आधी का नाही सांगितलं, म्हणे. यूनुसभाईंनी सगळ्यांसमोर मला उभं केलं. हिबाने मोबाइलवर शोधून वाचून दाखवलं: हँडिकॅप म्हणजे कच्च्या खेळाडूला मिळणारी सवलत. जितकं कमी, तितका खेळाडू भारी. शून्य म्हणजे सवलतीची गरजच नाही.

खरं सांगायची हीच वेळ होती. पण यूनुसभाईंचा चेहरा इतका खुलला होता. म्हणाले, नागेश, बारा वर्षं तू माझ्या टायपिंगच्या टेबलावर बसलास आणि मला पत्ता नाही. मलाही नव्हता. त्यांनी लगेच फिनलंडला ईमेल टाकला की आमचा माणूस शून्य हँडिकॅपवाला आहे. तिकडच्या मॅडम स्वतः अठरा जानेवारीला येतायत. मिस्टर मुणगेकरांबरोबर खेळायला उत्सुक आहेत.

अठरा जानेवारीला अजून अठ्ठेचाळीस दिवस. माणूस एवढ्यात ड्रायव्हिंग शिकतो.

६ डिसेंबर, पहाटे ६.१५
दुसरा कोर्स. धुकं. स्वतःचे बूट दिसत नाहीत. थंडी चौदा डिग्री, मी हाफ शर्टात, कारण विषय उबदार हवामान.

सकाळी ८.००
अजून धुकं. कुठूनतरी ठक्‌ असा आवाज येतो, मग कुणीतरी सॉरी म्हणतं.

सकाळी ९.३०
परत निघालो. कोर्स दिसला नाही. मार्क द्यायचे म्हणून दिले. निसर्गदृश्य: शांत, पांढरं. सात.

८ डिसेंबर
ताप, सर्दी. प्रज्ञाने वाफ घ्यायला बसवलं. टॉवेलमधून तिला सांगितलं की हिवाळ्यात गरम जागा शोधणं हे जोखमीचं काम आहे. ती शाळेच्या ऑफिसात नोकरी करते, फील्डवर्क तिला ठाऊक नाही.

१३ डिसेंबर
कोचकडे अर्धा तास. तीनशे दिरहम, म्हणजे सात हजार रुपये झाले. आमच्या मालवणात एवढ्यात कुणी पोहायला शिकवून वर जेवू घालेल. कोचने दोनदा विचारलं, तुम्ही डावखुरे आहात का. बॉल हलला नाही. जमीन हलली. कोच म्हणाला, पुढच्या वेळी बॉलकडे बघा. मी म्हटलं, बॉल मला माहीत आहे, मी पुढचं बघत होतो.

पुढची वेळ घेतली नाही. जास्त शिकवणीने नैसर्गिक खेळ बिघडतो.

२७ डिसेंबर
यूनुसभाईंना यादीत पूर्ण दहा कोर्स हवेत. नऊ झाले. दहावा अबू धाबीच्याही पुढे, रुवैसच्या बाजूला, रिफायनरीपलीकडे. चार तास गाडी. पोचलो तर गवताची एक काडी नाही. नुसती वाळू, मधे मधे झेंडे. एक माणूस लांब ब्रशने वाळू झाडत होता. मी विचारलं, काम कधी पूर्ण होणार. तो म्हणाला, साहेब, झालंय पूर्ण, चौदा वर्षं झाली.

रामचंद्र नाव. आजऱ्याकडचा. रिफायनरीत पाइपांच्या मेंटेनन्सला आहे, सुट्टीच्या दिवशी हा कोर्स सांभाळतो. समजावून सांगितलं त्याने: झेंड्याभोवतीच्या वाळूत तेल मिसळतात, म्हणजे ती घट्ट बसते आणि बॉल घरंगळतो. खेळणारा हिरव्या कृत्रिम गवताचा पाटाएवढा तुकडा बरोबर घेऊन फिरतो. बॉल पडेल तिथे तुकडा ठेवायचा, त्यावर बॉल, मग मारायचा. म्हणजे आपली हिरवळ आपणच उचलून न्यायची.

विचारलं, तुला येतं का. म्हणाला, थोडंफार. आणि मारला. बॉल वर गेला, उन्हात दिसेनासा झाला, आणि झेंड्याच्या काठीला लागून खाली पडला. त्याने ब्रश घेतला आणि स्वतःच्या पावलांच्या खुणा झाडत परत आला. कुणी शिकवलं विचारलं, तर म्हणाला, पूर्वी गोरे इंजिनियर खेळायचे, मी त्यांचे बॉल शोधायचो. बॉल शोधायचा तर तो का चुकला हे कळायला लागतं.

मला चहा दिला. मी हँडिकॅप शून्य आहे हे त्याला सांगितलं नाही. का, कोण जाणे.

मार्क: गवत शून्य, सावली शून्य, चहा दहा. सगळं धरून दहापैकी दोन. त्याच्याविषयी मात्र अर्धं पान लिहिलं गेलं. पान सात. नंतर काढून टाकीन.

५ जानेवारी
रिपोर्ट दिला. चौसष्ट पानं. हिबाने फोटो लावले. ती म्हणाली, टॉयलेटचे एकोणीस फोटो आहेत आणि गोल्फचे चार. मी म्हटलं, गोल्फचे फोटो सगळीकडे सारखेच. पान सात काढायचं राहून गेलं. गेला तो रिपोर्ट.

११ जानेवारी
संकल्प: गुडघा. सतरा तारखेला दुखायला लागणार.

प्रज्ञाला प्लॅन सांगितला. ती कणीक मळत होती. हात थांबवून म्हणाली, "अहो, खरं सांगून टाका. यूनुसभाई काही खाणार नाहीत तुम्हाला."

मी म्हटलं, प्रश्न खाण्याचा नाही. तिने विचारलं, मग कशाचा. मला उत्तर येत होतं. पण टायपिंगच्या टेबलाचा विषय काढला असता तर तिला झोप लागली नसती. म्हणून गुडघ्याचंच बोललो.

१८ जानेवारी, सकाळी ७.००
गुडघ्याला क्रेप बँडेज. पँटच्या वरून, दिसावं म्हणून. मन शांत.

दुपारी ३.००
लिहावंसं वाटत नाही. पण शिस्त.

माझ्या यादीतल्या एक नंबरच्या कोर्सवर गेलो. मी, यूनुसभाई, हिबा, मॅडम. मॅडम पन्नाशीच्या, उंच. टूर कंपनी काढण्याआधी वीस वर्षं त्या फिजिओथेरपिस्ट होत्या. हे ईमेलमध्ये नव्हतं. बँडेज पाहताच त्या गवतावर खाली बसल्या, गुडघा दाबला, फिरवला, मला चार पावलं चालायला लावलं. बँडेज डाव्या गुडघ्याला आणि मी लंगडत होतो उजव्या पायाने. त्या उठल्या आणि अगदी आनंदाची बातमी दिल्यासारखं म्हणाल्या, गुडघा ठणठणीत आहे, तुम्ही खेळू शकता.

पहिला फटका: हवेत.
दुसरा: गवताचं ढेकूळ बॉलपेक्षा लांब गेलं. बॉल गेलाच नाही.
तिसरा: बॉल गेला. उभ्या बग्गीला लागला, परत आला, आणि यूनुसभाईंच्या पायाशी येऊन थांबला.

यूनुसभाईंनी वाकून बॉल उचलला, रुमालाने पुसला आणि माझ्या हातात दिला. त्यांनी ओरडायला हवं होतं. मी म्हटलं, वारा आहे. झाडाचं पान हलत नव्हतं.

मग मॅडमनी बॅगेतून रिपोर्ट काढला, पान सात उघडलं आणि विचारलं, हा माणूस खरा आहे का. मी म्हटलं, मॅडम, त्या कोर्सला मी दोन मार्क दिलेत, तिथे गवत नाही. त्या म्हणाल्या, "गवत आमच्याकडेही आहे. बर्फाखाली."

२० जानेवारी
रुवैस. मॅडम आणि रामचंद्र वाळूत चार तास खेळले. मॅडमना मराठी येत नाही, रामचंद्रला इंग्लिश बेतासबात. गरज पडली नाही. त्याचा बॉल झेंड्याजवळ पडला की मॅडम लहान मुलीसारख्या हसायच्या. कृत्रिम गवताचा तुकडा मी उचलत होतो. रामचंद्र दोनदा घ्यायला आला, साहेब राहू द्या म्हणाला. मी दिला नाही. जड नाही तो. शिवाय कुठे ठेवायचा हे मला बरोबर कळत होतं. एकदा तर मॅडमनी मान हलवली, म्हणजे जागा बरोबर होती.

परतताना शंभर किलोमीटर गेल्यावर गाडीत यूनुसभाई म्हणाले, "नागेश, मला पहिल्याच दिवशी सांगायचं होतंस रे."

मी खिडकीबाहेर बघत राहिलो. बाहेर काही नव्हतं, वाळूच होती.

२ फेब्रुवारी
काँट्रॅक्ट आलं. आठवड्याला एक ग्रुप, मार्चअखेरपर्यंत. रिफायनरीची परवानगी घेऊन रामचंद्र सुट्टीच्या दिवशी पाहुण्यांना खेळवणार. स्पोर्ट्स टुरिझमचं नवं टेबल हिबाला. माझं टेबल आज दोघांनी उचलून नेलं. खाली एक स्टेपलर, दोन जुने पासपोर्ट फोटो आणि सहा वर्षांपूर्वी हरवलेलं माझं नेलकटर सापडलं.

यूनुसभाईंनी मला एअरपोर्टवर ग्रुप घ्यायचं काम दिलं. पगार तोच. खलास, असं म्हणाले नाहीत, हे विशेष. मी याला इंटरनॅशनल अरायव्हल्सचा प्रमुख म्हणतो. प्रज्ञाला तसंच सांगितलं. तिने विचारलं, म्हणजे पाटी घेऊन उभं राहायचं? मी म्हटलं, त्यातही येतं ते. तिने माझा चांगला शर्ट काढून इस्त्रीला घेतला.

८ फेब्रुवारी, सायंकाळी ५.४५
पहिला ग्रुप. बावीस माणसं, बावीस कोट, एकोणीस लांब बॅगा. दोन बॅगा आल्याच नव्हत्या, त्या शोधायला ऑफिसातून आलेला माणूस आत गेला. तोवर बसशेजारी थांबलो. एक म्हातारे गृहस्थ ग्रुपपासून बाजूला, सूटकेसवर बसले होते. ऐंशीच्या पुढचे असतील. कोट काढून मांडीवर घेतला होता आणि तोंड उन्हाकडे केलं होतं. मला जवळ बोलावून त्यांनी विचारलं, तुम्ही गोल्फ खेळता का.

मी म्हटलं, "नाही. मला येत नाही."

तोंडातून गेलं. काही झालं नाही. बस तिथेच होती, ऊन तिथेच होतं.

ते म्हणाले, मलाही येत नाही, बायको खेळते. चाळीस वर्षं तिच्याबरोबर जातो आणि बसून राहतो. मग विचारलं, बसायला चांगली जागा कुठली. मी दहाही कोर्सची सावली, टॉयलेट आणि चहा तोंडपाठ सांगितला. त्यांनी खिशातून वही काढली आणि एकेक लिहून घेतलं. दोनदा स्पेलिंग विचारलं.