तोतया काढ्याची चव

१४ मार्च

प्रिय टिटवे,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र मंगळवारी पोचलं. अक्षर अजून तस्संच आहे, एकही वेलांटी ओळ सोडून गेलेली नाही. शाळेतल्या सिस्टरांच्या पट्ट्या कारणी लागल्या म्हणायच्या. मी बरी आहे. गुडघे कुरकुरतात, मी त्यांच्याकडे लक्ष देत नाही.

आमच्या प्रयोगशाळेतल्या बाटल्या धुणाऱ्या मावशी या महिन्यात निवृत्त होतायत. चहा पिताना म्हणाल्या, "बाई, तीस वर्षं औषधाच्या बाटल्या विसळल्या. एकीतूनही ना देव निघाला ना राक्षस." सगळे हसले. मीही हसले.

तू लिहिलंयस, "ताई, तू आत आहेस, तुझ्या शब्दाला तिथे वजन आहे. प्रयोग संपला तरी मला अजून वर्षभराच्या बाटल्या मिळवून दे. मला उतार पडलाय. काल जिन्याच्या चौदा पायऱ्या चढले." ते वाक्य मी तीनदा वाचलं आणि पत्र घडी करून कामाच्या कोटाच्या खिशात ठेवलं. चार दिवस ते तिथेच होतं.

तुला आठवतं, शाळेत चुकीची कबुली द्यायची असली की सिस्टर काय सांगायच्या? "पण" म्हणायचं नाही. जे केलं तेवढंच सांगायचं आणि गप्प बसायचं. मला ते कधी जमलं नाही. तुला जमायचं. शाई सांडली मी, आणि उभी राहिलीस तू. आज मी प्रयत्न करून बघते.

शुक्रवारी निकाल लागला. मुख्य डॉक्टरीणबाईंनी आम्हा सगळ्यांना बोलावलं आणि भिंतीवर आलेख दाखवला. दोन रेषा. एक, वेलीच्या मुळाचा खरा काढा घेणाऱ्यांची; दुसरी, तोतया काढा घेणाऱ्यांची. मला वाटलं एकच रेषा आहे. त्या म्हणाल्या, "नीट बघा, दोन आहेत. एकीवर एक पडल्यात." मागून कुणीतरी खुर्ची सरकवली. सहा वर्षं ते मूळ वाळवलं, कुटलं, उकळलं, मोजलं. फुफ्फुसं दगड होत जातात त्या आजाराला त्यानं बोटभरही अडवलेलं नाही. दोन्हीकडची माणसं सारख्याच वेगानं खाली गेली.

निघताना बाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तुमचं काम मात्र चोख झालं हं. अख्ख्या वर्षात एकाही पेशंटला फरक ओळखता आला नाही."

माझं काम म्हणजे काय, ते मी तुला कधी सांगितलं नाही. काढ्याच्या खोलीत असते, एवढंच तुला ठाऊक. तोतया मी बनवायचे. अर्ध्या पेशंटांना खरा काढा आणि अर्ध्यांना दिसायला-चवीला तसाच, औषध नसलेला. कुणाच्या वाट्याला काय आलं ते पेशंटलाही कळू द्यायचं नाही आणि डॉक्टरांनाही. बाटलीवर नुसता नंबर. भाजलेल्या धान्यानं रंग जमला, कडवटपणाही जमला. खऱ्या काढ्याच्या शेवटी जिभेवर एक उग्र गोडसर चव राहायची, ती काही केल्या येईना. तेव्हा मला आपली शाळेची आजारी मुलांची खोली आठवली. पांढऱ्या चादरी, आणि म्हाताऱ्या सिस्टर वाळलेल्या संत्र्याच्या साली उकळून कडू पाणी द्यायच्या ते. मी चिमूटभर साली घातल्या. आमच्यातल्या आठ जणांनी चाखून पाहिलं, एकालाही ओळखता आलं नाही. मला केवढा आनंद झाला होता.

आणि मग पहिल्याच आठवड्यात तुझं पत्र. "ताई, गंमत सांगू? हा काढा प्यायला की आजाऱ्यांच्या खोलीत गेल्यासारखं वाटतं. तीच चव! तू शेजारच्या खाटेवर असल्यासारखं वाटतं."

खऱ्या काढ्यात साली नाहीत, टिटवे.

मला त्या दिवशी कळलं. अकरा महिने मला माहीत होतं.

प्रयोगात कामगारांच्या नातेवाइकांना घेत नाहीत. आपली आडनावं वेगळी, म्हणून मी तुझं नाव आत ढकललं. तुझ्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या होत्या. आजार बरा करत नाहीत, त्याची चाल कमी करतात, असं ते म्हणाले होते. मी तुला म्हटलं, त्या गोळ्यांनी पोटाची वाट लागेल, काढा घे, झाडपाल्यानं काही बिघडत नाही. प्रयोगात यायचं तर गोळ्या बंद, ही अट होती. तू बंद केल्यास. तुझं ते पत्र आल्यावर मी फोन उचलून "सोड ते, गोळ्या सुरू कर" एवढंच म्हणायला हवं होतं. मी म्हटलं नाही. तुला घेतलं कसं, हे सगळ्यांना कळलं असतं. नोकरी गेली असती, प्रयोगाला डाग लागला असता. दर महिन्याला तू लिहायचीस की बरं वाटतंय, आणि दर महिन्याला मी ते खरं मानायचे, काय चाललंय ते माझ्यापेक्षा कुणालाच जास्त ठाऊक नसताना.

एकदाही "पण" लिहिलं नाही. बघ.

बुधवारी तुझ्या लेकीशी बोलले. तिच्यावर रागावू नकोस, मीच खोदून विचारलं. म्हणाली, "मावशी, चौदा पायऱ्या कुठल्या! तिसऱ्या पायरीवर बसते, मग उरलेल्या नुसत्या मोजते. तुला सांगायचं नाही अशी शपथ घातलीय. म्हणते, ताईनं एवढी खटपट केलीय, तिचं मन मोडायचं नाही." गोळ्यांचंही तिनं हॉस्पिटलात विचारलं. आता त्यांचा उपयोग होण्याची वेळ गेली, असं ते म्हणाले.

म्हणजे वर्षभर तू मला खोटं लिहीत होतीस आणि मी ते घेत होते. बाबा म्हणायचे, टिटवी समुद्र आटवते, आमची टिटवी तर बोलून आटवील. आता तू फोनवर तीन शब्द बोलतेस आणि थांबतेस. मधल्या शांततेत तुझा श्वास ऐकू येतो. मी इकडे कपाट आवरल्याचा आवाज करते, म्हणजे तो मला ऐकू येतोय हे तुला कळू नये.

तुझ्या बाटल्या तयार आहेत. बारा. माझ्याच ओट्यावर उकळल्या, साली खिडकीत वाळवल्या. त्यात काही नाही. आता ते तुलाही ठाऊक आहे. तोंडावर हे सांगता येणार नाही, म्हणून हे पत्र आधी टाकतेय. येत्या शनिवारी मी सकाळच्या गाडीनं मागोमाग येते. काढा हवा असेल तर टेबलावर चमचा काढून ठेव. मी गुपचूप ओतीन, शेजारच्या खाटेवर बसून राहीन, या पत्राबद्दल चकार शब्द काढणार नाही.

चमचा नसेल तर मला बोल. जे काही साचलं असेल ते सगळं बोल. तीन-तीन शब्द करून बोल, मधे हवा तेवढा वेळ थांब. मी कपाट आवरणार नाही. परतीचं तिकीट काढलेलं नाही.

तुझं बोलणं शेवटपर्यंत ऐकायला येणारी,
ताई