नावाला आत्या हवी

सोलापूर,
१२ मार्च १९७४

प्रिय मुक्तावन्सं,

मी तुमची वहिनी. आपण एकमेकींना अजून पाहिलेलंही नाही. मला मुलगी झाली, तिला तीन महिने झाले, पण बारसं अडलंय. कानात नाव आत्याच सांगणार, हा माझा हट्ट. तुम्ही आपल्या मनानं लग्न केलंत म्हणून सहा वर्षं या घरात तुमचं नाव काढायची बंदी. मग पोरीलाही नाव नको, असं मी मामंजींना सांगून टाकलं.

नाव तुम्हीच शाळेत असताना भावाला सांगून ठेवलेलं, शाल्मली. "म्हंजे काय गं?" विचारणाऱ्या प्रत्येकीला मी सांगत बसले, काटेसावर, अंगावर पान नसताना लालभडक फुलते. झालं! गल्लीत दोन शाल्मली पाळण्यात पडल्या, मंद्रूपला तिसरी. आमचीच तेवढी अजून ठकी!

आज मामंजी चिडले, "नाव आमच्या मुक्तीचं की! लोकांनी पळवलं." मी म्हटलं, वन्संना पत्रच लिहितेय.

"पत्रानं कुटं आत्या येती व्हय?" म्हणत त्यांनी फेटा बांधला आणि तुमच्या अक्कलकोटची एस्टी गाठायला निघालेसुद्धा.

तेव्हा हे पत्र टाकत नाही. नाव सांगितलं की आत्याच्या पाठीत बायका धपाटे घालतात ना, त्यातला पहिला माझा.

पाळण्याची दोरी धरून वाट बघणारी,
केसर